ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क नवीन टाकल्या तरी परत तेच

चारचाकी_वेडा :
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम ब्रेक, साठेक हजार किमी चाललेली. प्रॉब्लेम असा आहे की ८०-९० च्या स्पीडला असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, ब्रेक पेडलसुद्धा पायाखाली हलकं धडधडतं, आणि स्पीड ४० च्या खाली आला की जवळपास काहीच जाणवत नाही. अगदी हळू ब्रेक लावला तर कमी, मध्यम दाबला तर सगळ्यात जास्त.

आता मुद्दा हा की हेच सगळं मागच्या वर्षीपण झालं होतं. तेव्हा गॅरेजमध्ये सांगितलं डिस्क वाकड्या झाल्यात, बदला. म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड (डिस्कवर घासणारे) नवीन टाकले, गाडी एकदम लोण्यासारखी थांबायला लागली, मी खूश. पाच-सहा हजार किमी झाले असतील आणि हळूहळू परत तेच सुरू झालं, आधी नुसता संशय यायचा की काहीतरी हलतंय, आता शेजारी बसलेल्यालासुद्धा कळतं. गॅरेजवाले परत म्हणतायत डिस्क गेल्या, बदला. पण नवीन डिस्क इतक्या लवकर कशी वाकडी होईल? मी काही रेसिंग करत नाही, रोजचं साधं चालवणं. डिस्कच खराब क्वालिटीच्या होत्या का, की मूळ दुखणं भलतंच आहे आणि आपण नुसत्या डिस्क बदलत बसलोय? घरच्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला जायचंय, त्याच्या आत हे नीट व्हायलाच पाहिजे.

रोजचा_ड्रायव्हर :
व्हील बॅलन्सिंग करून घेतलंत का? माझ्या गाडीत स्टिअरिंग असंच थरथरायचं, पुढच्या एका चाकाचं वजन पडलेलं निघालं, बॅलन्सिंग केलं आणि विषय संपला. अलाइनमेंटपण सोबत करून टाका, डिस्क बिस्क नंतर बघा.

चारचाकी_वेडा :
बॅलन्सिंग, अलाइनमेंट दोन्ही झालंय दादा. ब्रेक न लावता १०० ला सुद्धा गाडी एकदम शांत असते, स्टिअरिंग दोन बोटांनी धरलं तरी हलत नाही. फक्त ब्रेक लावल्यावरच.

पाना_१७ :
मग बॅलन्सिंगचा विषय नाहीच. बॅलन्सिंगची थरथर ठरावीक स्पीडला कायम येते, पाय ब्रेकवर असो की नसो. अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बघायचा. आणि फक्त ब्रेक लावल्यावरच येत असेल तर डिस्क, ड्रम, हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) इकडेच शोधायचं. तुमची लक्षणं सरळसरळ तिसऱ्यातली आहेत.

आता गॅरेजला जायच्या आधी तुम्ही स्वतः काही गोष्टी बघून घ्या, पैसे लागत नाहीत आणि तिथे गेल्यावर बोलायला मुद्दे राहतात. पहिलं म्हणजे थरथर नक्की कुठे जाणवते. स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटखाली आणि फ्लोअरमध्ये जास्त असेल तर मागची. पेडलवरून मात्र पुढचं मागचं कळत नाही, कारण प्रेशर सगळीकडे एकाच ऑइलमधून जातं. हे अजून पक्कं करायचं असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून, ४०-५० च्या स्पीडला हँडब्रेकचं बटन दाबून ठेवूनच लिव्हर अगदी हळू वर ओढा. बटन सोडायचं नाही, म्हणजे लगेच परत सोडता येतो. रस्ता ओला असेल तर हे करूच नका. अशा वेळी फक्त मागचे ब्रेक लागतात, तेव्हा थरथर आली तर दोष मागे, नाही आली तर पुढे. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकवाल्यांनी हा प्रयोग करायचा नाही, तो स्वतःच्या मनाने लागतो.

दुसरं, थरथरण्याचा वेग बघा. गाडीचा स्पीड उतरतो तशी थरथरपण मंदावते का? छोट्या गाडीच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर धरला तर ताशी ९० ला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं, ४५ ला त्याच्या निम्मं. चाकासोबत मंदावत असेल तर दुखणं चाकासोबत फिरणाऱ्या वस्तूत आहे, म्हणजे डिस्क, हब, ड्रम. काही जण एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) धडधडीला घाबरून डिस्क बदलतात, पण एबीएस फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा चाक घसरायला लागल्यावर येतो, पेडल पायाला कडकड करत ढकलतं, साध्या ब्रेकिंगला तो यायचं काही कारणच नाही.

तिसरं, वीसेक मिनिटं गाडी चालवून आलात की चाकांच्या जवळ हात नेऊन बघा, हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. डावं आणि उजवं सारखंच गरम पाहिजे. एक बाजू भाजल्यासारखी तापली असेल, जळका वास येत असेल, किंवा ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर अडकतोय. हे सगळं बघून सांगा.

डोंगरवाट :
यात एक गोष्ट कोणी बोललं नाही. घाट उतरून आल्यावर लगेच गाडी धुतली का कधी, किंवा गरम डिस्कवर पाणी गेलं का? लाल तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं की ते वाकतंच, माझ्या ओळखीत सगळे हेच सांगतात. डिस्क बदलताना चांगल्या कंपनीच्या टाका आणि उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी उतरवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, बघा परत प्रॉब्लेम येतो का.

चारचाकी_वेडा :
पाना दादा, सांगितल्याप्रमाणे सगळं करून बघितलं. हँडब्रेक हळू ओढला तर गाडी शांतपणे हळू झाली, काहीही थरथर नाही. म्हणजे दोष पुढेच. स्पीडसोबत थरथर मंदावते हे अगदी बरोबर, ९० ला बारीक जलद असते आणि ५० ला आल्यावर एकेक हिसका वेगळा मोजता येईल अशी होते. गरमपणा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा वाटला, डावीकडे किंचित जास्त असेल कदाचित. गाडी एका बाजूला ओढत नाही.

एक अजून दिसलं ते सांगतो. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर डाव्या डिस्कवर एका बाजूचा पट्टा बाकीच्यापेक्षा गडद करडा दिसतोय, साधारण हाताच्या पंजाएवढा, उजवीकडे मात्र सगळीकडे एकसारखी चमक आहे. याचा काही अर्थ लागतो का?

डोंगरवाट भाऊ, गरम असताना पाणी मारलेलं नाही, उताराचे रस्तेपण माझ्या रोजच्या वाटेवर नाहीत.

पाना_१७ :
अर्थ लागतो, आणि भरपूर लागतो. तो गडद पट्टा म्हणजे पॅड तिथे बाकी ठिकाणापेक्षा वेगळा घासतोय. आता जरा लांबलचक लिहितो पण शांतपणे वाचा, कारण तुमच्यासारखे नवीन डिस्क टाकून परत फसलेले लोक मी गॅरेजमध्ये सारखे बघतो आणि दर वेळी दोष डिस्कवर ढकलला जातो.

डिस्क "वाकडी" झाली असं आपण सगळे म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक समजला की सगळं उलगडतं. तुमच्या गाडीत तरंगता कॅलिपर असणार, म्हणजे पिनांवर आतबाहेर सरकणारा. डिस्क थोडी डुलत असेल पण जाडी एकसारखी असेल तर कॅलिपर तिच्याबरोबर आतबाहेर सरकतो आणि तुम्हाला ब्रेक लावताना काहीही कळत नाही. म्हणूनच नवीन टाकल्यावर गाडी मस्त थांबत होती. पण खेळ सुरू होतो तो ब्रेक न लावता चालवताना. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून अगदी केसभर लांब असतो. डिस्क डुलत असेल तर तिचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीला पॅडला चाटून जातो, तेवढ्याच जागी. हजारो किमी हेच चालू राहिलं की त्या जागी डिस्क हळूहळू झिजते किंवा पॅडचा थर तिथे चिकटतो, आणि जाडीत फरक पडतो. मग ब्रेक दाबला की जाड भाग आला की पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, पेडल धडधडतं आणि ब्रेकची ताकद प्रत्येक फेरीला कमीजास्त होऊन स्टिअरिंग हलतं. तुमची थरथर पाच-सहा हजार किमीने हळूहळू आली ना, ती अशीच येते. एका दिवसात येत नाही.

फरक किती असावा लागतो तर ऐकून विश्वास बसणार नाही, जाडीत ०.०२ मिमी फरक पडला तरी माणसाला जाणवायला लागतं. डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून चाक उचलून हाताने फिरवून "वाकडी आहे" म्हणणं हे निदान नाही.

मग डिस्क डुलते कशामुळे? सगळ्यात कॉमन कारण हब. जुनी डिस्क काढली की हबच्या तोंडावर गंजाची पापुद्री बसलेली असते, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टच्या) मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कडेला. घाईत तशीच त्यावर नवीन डिस्क चढवली की डिस्क एका बाजूने गंजावर टेकते. हब साधारण १४० मिमीचा आणि डिस्क २६० ची असेल तर हबवरचा ०.०५ मिमीचा कण डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होऊन दिसतो. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्कच्या डुलण्याची, ज्याला रनआउट म्हणतात, मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास असते. म्हणजे एका पापुद्र्याने नवी कोरी डिस्क मर्यादेच्या बाहेर जाऊ शकते, मग ती कितीही चांगल्या कंपनीची असो.

त्यामुळे गॅरेजमध्ये जाऊन "डिस्क बदला" म्हणू नका, "मोजा" म्हणा. डायल गेज (डुलणं मोजायला) आणि मायक्रोमीटर (जाडी मोजायला) आहे का विचारा, नसेल तर दुसरं गॅरेज बघा. रनआउट मोजताना चाक काढल्यावर डिस्क नुसती हबवर लोंबत असते, तशी मोजली तर आकडा खोटा येतो, सगळे नट वॉशर लावून परत घट्ट करायला लावा. गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत ठेवून हाताने एक पूर्ण फेरी. जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी, तीही कडेपासून तेवढ्याच अंतरावर. व्हर्नियर लावला तर चालणार नाही, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला ओठ राहिलेला असतो आणि व्हर्नियर तोच पकडतो. मोजायच्या आधी चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगमध्ये प्ले नाही ना हे बघायचं, बेअरिंग सैल असेल तर पुढचे सगळे आकडे वाया.

मग डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रशने आणि एमरी पेपरने धातू चमकेपर्यंत साफ, डिस्कची आतली बाजूपण, आणि नुसत्या हबवर गेज लावून बघायचं. हब स्वतःच वाकडा असेल, खड्ड्यात जोरात आपटल्याने होतो कधी कधी, तर हब बदलल्याशिवाय काहीही करून उपयोग नाही.

डोंगरवाट, इंजिन ब्रेकिंगचं तुमचं एकदम बरोबर आहे, उतारावर तेच करायचं. आणि रसरशीत तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नये हेही खरंच. पण रोजच्या साध्या चालवण्यात डिस्क खरोखर वाकणं क्वचित होतं, आणि चांगल्या कंपनीची डिस्क गंजलेल्या हबवर बसवली तरी तीच गत होणार, एवढंच म्हणायचंय.

डोंगरवाट :
हबचं कधी लक्षात आलं नव्हतं, कोणी सांगितलंपण नव्हतं. माझी गाडी पुढच्या सर्व्हिसला जाईल तेव्हा उभा राहून बघतो हब साफ करतात का ते.

मशीनशॉप :
पाना_१७ ने नीट सांगितलंय, माझी फक्त टर्निंगबद्दल, म्हणजे डिस्क कापून सपाट करण्याबद्दल, भर. खूप जण डिस्क काढून लेथवर फेसिंग करून आणतात, डिस्क एकदम चकाचक होते आणि थोड्या दिवसांनी परत थरथर. कारण तेच, लेथवर डिस्क सरळ कापली तरी ती परत त्याच वाकड्या किंवा गंजलेल्या हबवर बसते. शिवाय लेथवर धरतानाच डिस्कच्या आतल्या तोंडाला गंज असेल तर ती कापली जातानाच वाकडी कापली जाते. त्यापेक्षा गाडीवरच डिस्क टर्न करायचं मशीन ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे जा, ते हबला लागतं आणि हब ज्या तऱ्हेने फिरतो त्याच तऱ्हेने डिस्क कापतं, म्हणजे हबचा उरलासुरला फरकपण त्यात निघून जातो. फक्त एक, अशी कापलेली डिस्क नंतर कधी काढली तर हबवर आणि डिस्कवर खूण करून त्याच जागी परत लावायची, एक भोक पुढे सरकली तर सगळं पाण्यात.

टर्निंगच्या आधी डिस्कची किमान जाडी बघा, डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर (हबवर बसणारा उंच भाग) कोरलेली असते. समजा नवीन २२ मिमी आणि किमान २० असेल तर कापून झाल्यावर २० च्या वर नुसती कशीबशी नको, पुढच्या झिजेला जागा राहिली पाहिजे. किमानच्या खाली गेलेली डिस्क लवकर तापते आणि तिला तडा जाऊ शकतो, तिथे काटकसर करायची नाही, सरळ नवीन. आणि काहीही केलं तरी दोन्ही बाजूला सारखं करायचं, एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी असं नको.

रनआउट थोडासाच जास्त असेल तर टर्निंगच्या आधी फुकटातला उपाय करून बघा, डिस्क हबवर एकेक भोक फिरवून बसवा आणि प्रत्येक वेळी गेज बघा. डिस्कचा उंच भाग हबच्या खोल भागावर आला की आकडा बराच खाली येतो.

गाडीप्रेमी_ताई :
मध्येच बोलते, पण स्लाइड पिनकडेपण लक्ष द्या. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की एकच पॅड घासत राहतो, एक बाजू जास्त तापते, आणि पाना_१७ म्हणाले तो चाटण्याचा प्रकार दुपटीने होतो. तुम्ही डावी बाजू किंचित जास्त गरम म्हणालात म्हणून सांगते. माझ्या गाडीत आतला पॅड जवळपास पत्र्यापर्यंत संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असा निघाला होता, पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. पिनेला सिलिकॉनचं ग्रीस लावायला सांगा, साधं ग्रीस लावलं तर रबराचे बूट फुगतात आणि पिन अजून अडकते. आणि कॅलिपर काढला की तो ब्रेकच्या होजवर (ब्रेक ऑइलची रबरी नळी) लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधायला लावा, होज आतून फाटला तर बाहेरून कळतसुद्धा नाही.

चारचाकी_वेडा :
सगळ्यांचे मनापासून आभार, आता काय झालं ते सविस्तर लिहितो म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

डायल गेज असलेलं गॅरेज शोधून काढलं आणि मेकॅनिकला विनंती केली की मी उभा राहून बघतो. त्यांनीपण आनंदाने दाखवलं. उजवी डिस्क, रनआउट ०.०४, जाडी सगळीकडे जवळपास सारखी. डावी डिस्क, रनआउट ०.१४ आणि आठ ठिकाणच्या जाडीत ०.०३ चा फरक, आणि पातळ जागा बरोबर त्या गडद पट्ट्याच्या शेजारी. गेजचा काटा एका फेरीत असा सरकत होता की बघूनच विषय समजला. बेअरिंग घट्ट होतं, लोअर आर्मचे बुश आणि टाय रॉड एंडसुद्धा त्यांनी पहारीने हलवून दाखवले, ठीक निघाले.

मग डिस्क काढली. ती नुसती हाताने निघाली नाही, मागून ठोकावी लागली. हबचं तोंड बघितलं तर दोन स्टडच्या मधे तपकिरी गंजाचा एक कडक थर होता, नखाने खरवडला तर निघत नव्हता, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला बरोबर त्याच्यासमोर त्याचा ठसा उमटलेला. म्हणजे मागच्या वेळी नवी डिस्क थेट यावर चढवली होती. वायर ब्रश, मग एमरी, सगळं चकचकीत केलं, नुसत्या हबवर ०.०२ आला, म्हणजे हब सरळ आहे. तीच डिस्क साफ करून परत लावली तर ०.१४ वरून ०.०५, भोक फिरवून ०.०४ वर आली.

ताई, तुमचंपण बरोबर निघालं, डाव्या कॅलिपरची खालची पिन कोरडी ठणठणीत होती, सरकत होती पण जोर लावून. साफ करून सिलिकॉन ग्रीस, नवीन बूट.

जाडीतला फरक तर राहतोच, म्हणून दोन्ही डिस्क गाडीवरच टर्न करून घेतल्या, जाडी किमानच्या वर बरीच आहे. पॅड बरेच शिल्लक होते पण नवीनच टाकले, कारण जुन्या पॅडवर तो वाकडेपणा उमटलेला असणार असं मेकॅनिक म्हणाले. आता ९० वरून ब्रेक लावला तर काहीही नाही. पण मला आता भीती एवढीच की परत काही महिन्यांनी सुरू झालं तर? नवीन पॅड सेट होण्यासाठी काही करायचं असतं का?

पाना_१७ :
फार छान वाटलं वाचून, आणि तो मेकॅनिक सोडू नका, मोजून काम करणारा माणूस आहे. ०.०४ वर असेल आणि पिना मोकळ्या असतील तर लवकर परत येण्याचं कारण नाही.

पॅड बसवायचं असतं, हो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत ६० वर जायचं, मधे थोडं अंतर जाऊ द्यायचं. असं आठ-दहा वेळा. मग काही किमी ब्रेक फारसा न वापरता चालवा म्हणजे डिस्क वाऱ्याने थंड होते. याने पॅडचा पातळ एकसारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या डिस्कवर गाडी उभी करून पेडल गच्च दाबून धरलं तर पॅड जिथे चिकटलाय तिथेच थर जाड बसतो आणि परत जाडीचा फरक. हे पुढेही लक्षात ठेवा, हायवेवरून जोरात ब्रेक मारून थांबावं लागलं तर गाडी थांबल्यावर पेडल हलकं करा, सपाट जागा असेल तर जरासं पुढे सरकू द्या.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, चाकाचे नट. पंक्चरवाला असो की टायरचं दुकान, न्यूमॅटिक गनने एक नट पूर्ण आवळतात मग शेजारचा, मग शेजारचा. एका बाजूने जास्त ताण बसला की डिस्कची टोपी हबवर तिरकी दाबली जाते आणि तुमची ०.०४ परत ०.१ होऊ शकते, तीही डिस्क, हब सगळं ठणठणीत असताना. नट समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंच. छोट्या गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर असतो पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच लावा. चाक काढल्यावर ५०-१०० किमीने एकदा परत तपासून घ्या, विशेषतः अलॉय असतील तर. प्रवासाला निघायच्या आधी हे करूनच निघा. स्टेपनी बदलायची वेळ आली तर तिथेही हाच क्रम, आणि घरी आल्यावर रेंच लावायचा.

आणि घरी कोणी हे काम स्वतः करणार असेल त्यांच्यासाठी, जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावाच, आणि सगळं परत बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

रोजचा_ड्रायव्हर :
खूप शिकायला मिळालं. याच धाग्यात विचारतो, माझ्या गाडीला बॅलन्सिंगने स्टिअरिंग शांत झालं पण अलीकडे ब्रेक लावला की सीटखाली घरघर हलतं, स्टिअरिंग स्थिर. हँडब्रेकचा प्रयोग केला तर तेव्हापण हलतं. मागे ड्रम आहेत. आणि हँडब्रेक ओढून पार्क करतो नेहमी.

पाना_१७ :
मग मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत, बहुतेक अंडाकृती झालेत. ब्रेक खूप तापलेले असताना हँडब्रेक गच्च ओढून गाडी उभी केली की ड्रम शूवर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा भाग) दाबून धरलेला असतानाच थंड होतो, हे त्याचं एक कारण असू शकतं. लांब उतार उतरून आल्यावर सपाट जागा असेल तर गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, हँडब्रेक थोड्या वेळाने ओढा. चढावर मात्र हँडब्रेक लागतोच, तिथे हा नियम लावत बसू नका.

ड्रम काढून आतला व्यास तीन-चार दिशांनी मोजायला सांगा, आणि ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, कापल्यावर त्याच्या वर जाता कामा नये. इथेही ड्रम बसवायच्या आधी हबचा गंज साफ. ड्रम उघडलाच आहे तर व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणारा भाग) रबराखाली ओल आहे का बघा, ब्रेक ऑइल शूवर गेलं असेल तर घरघर आणि एका बाजूला ओढणं दोन्ही होतं, तेव्हा शू धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूचे नवीनच टाका. पेडल कधी खाली जातंय किंवा स्पंजसारखं लागतंय असं वाटलं तर मात्र गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.